लिहू लागल्यापासून वाचनाचा आनंद उणावला आहे; काय करावे?

प्रश्न : एक शिक्षिका, जिंतूर

मी परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. वाचनाचा नाद मला शाळकरी वयापासून आहे आणि त्यामागे कधी कोणताही हेतू नव्हता. चरित्र, प्रवासवर्णन, रहस्यकथा, जुने दिवाळी अंक, किराणा बांधून आलेल्या कागदावरची अर्धीमुर्धी गोष्ट, जे हाती पडेल ते मी वाचत आले. काही वर्षांपूर्वी एका सहकाऱ्यांच्या आग्रहाखातर एक कथा लिहिली, ती एका दिवाळी अंकात छापून आली आणि मग आणखी काही कथा लिहून झाल्या. आता आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत ‘आपल्या लेखिका’ अशी माझी ओळख करून दिली जाते, सध्या काय लिहिताय असे विचारले जाते आणि संग्रह काढून टाका असा सल्लाही मिळतो.

या सगळ्यात माझे वाचन बदलले आहे आणि तो बदल मला आवडलेला नाही. मध्यंतरी एका कादंबरीत नायिकेची आई जाते तो प्रसंग वाचत होते. लेखकाने मृत्यूची बातमी कोणाच्याही तोंडी घातलेली नाही; शेजारीण दळणाचा डबा उंबऱ्यावर तसाच ठेवून, एकही शब्द न बोलता माघारी वळते, एवढेच लिहिले आहे. पूर्वी अशा पानावर माझे डोळे भरून आले असते. या वेळी मात्र मी पेन्सिल उचलली, डब्याच्या वाक्याखाली रेघ ओढली आणि ही युक्ती आपल्याला कुठे वापरता येईल याचा विचार करू लागले. आई गेली ती राहूनच गेली.

दुसरी अडचण वेळेची आहे. स्वयंपाक, मुलांचा अभ्यास आणि शाळेची ऑनलाइन माहिती भरून झाली की रात्री झोपण्यापूर्वीचा थोडा वेळ माझा असतो. त्यात वाचले तर लेखन राहते आणि लिहायला बसले तर न वाचलेली पुस्तके दिसत राहतात. समर्थांच्या नावावर सांगितली जाणारी ‘दिसामाजी काही तरी ते लिहावे’ ही ओळ मला प्रत्येक सत्कारात ऐकवली जाते. ‘प्रसंगी अखंडित वाचीत जावे’ हा तिचा पुढचा भाग मात्र भाषणात सहसा कोणी म्हणत नाही.

माझा प्रश्न असा आहे की वाचनातील हा बदल तात्पुरता असतो का, आणि तो कायमचा असेल तर केवळ वाचक म्हणून पूर्वीसारखे राहण्यासाठी लेखन सोडून देणे शहाणपणाचे ठरेल का? ‘लिहीत राहा, छान लिहिता’ एवढेच उत्तर कृपया कोणी देऊ नये.

उत्तर : निवृत्त ग्रंथपाल, नांदेड

ताई, सार्वजनिक ग्रंथालयाच्या देवघेव विभागात माझे आयुष्य गेले, त्यामुळे तुमच्यासारखी पुष्कळ माणसे मी टेबलाच्या या बाजूने पाहिली आहेत. वाचणारा माणूस लिहू लागला की त्याच्या नावावरची पुस्तके बदलतात. काही जण, विशेषतः नव्याने कविता लिहू लागलेले, इतरांच्या कविता वाचणेच बंद करतात आणि नियतकालिकांच्या कपाटापाशी उभे राहून संपादकांचे पत्ते उतरवून घेतात. तुमचे वाचन बदलले आहे. त्यांचे थांबलेले असते. हा फरक लहान नाही आणि तो ध्यानात घेतला तर तुमची काळजी निम्मी कमी व्हावी.

वाचनाच्या आनंदाबद्दल आपल्या भागात एक जुनी अडचण आहे, तीही येथे सांगितली पाहिजे. 1948 पूर्वी मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू होते, सभा घ्यायची तर सरकारची परवानगी लागे. अशा काळात गावात मराठी वाचनालय काढणे हे चळवळीचे काम होते. त्यामुळे आमच्या आधीच्या पिढीने वाचनाकडे कर्तव्य म्हणून पाहिले. पुस्तक मिटवले की ‘यातून काय घेतलेस?’ हा प्रश्न ठरलेला असे, आणि नुसते रमण्यासाठी वाचणाऱ्याला चार लोकांत थोडे ओशाळल्यासारखे होई. आपण इतके वाचतो त्याचे पुढे काहीतरी झाले पाहिजे, निदान एखादे पुस्तक तरी निघाले पाहिजे, ही समजूत मला त्याच वळणाची वाटते. तुम्हाला संग्रह काढायला सांगणारे लोक तुमच्या कथांविषयी बोलत नसून तुमच्या वाचनाचा हिशेब मागत आहेत, असा माझा संशय आहे.

आमच्या नांदेडचे उदाहरण द्यायचे तर विचारवंत नरहर कुरुंदकरांचे देता येईल. ते 1982 साली वयाच्या पन्नाशीआधीच गेले. त्यांच्या वाचनाच्या गोष्टी मात्र नांदेडात अजून सांगितल्या जातात. कादंबरी लिहिण्याच्या वाटेला ते गेले नाहीत. ‘श्रीमान योगी’ या कादंबरीला त्यांची जी दीर्घ प्रस्तावना आहे, ती मुळात त्यांनी रणजित देसाई यांना लिहिलेले पत्र आहे. शिवाजी महाराजांच्या काळाविषयी स्वतः केलेल्या वाचनातून एका लेखकाला लिहिलेले पत्र पुढे लाखो वाचकांनी वाचले. वाचनाशी वैर न धरता लिहिता येते याचा याहून ठळक पुरावा मला माहीत नाही. कथा लिहिताना तुमचे वाचन आटत असेल, तर वाचलेल्याबद्दल लिहून पाहा. समोर एखादा वाचक धरून पत्रासारखे लिहिले तरी चालेल, मात्र वर्तमानपत्री परीक्षणाचा साचा नको.

पेन्सिलीबद्दल एक विनंती आहे. रेघा स्वतःच्या पुस्तकात ओढाव्यात. आमच्याकडील एका रहस्यकथेत कोणा सभासदाने बाराव्या पानावरच खुन्याच्या नावाभोवती गोल काढून ठेवला होता. पुढे ती प्रत मागून नेणारे सगळे दुसऱ्याच दिवशी परत आणून देत.

उत्तर : कथालेखक, लातूर

ग्रंथपालांच्या सौजन्याने मला बोलता येणार नाही. मी ताईंच्या प्रश्नाचे दोन भाग करतो, कारण वेळेची अडचण आणि डोळ्यांना लागलेली सवय या निराळ्या गोष्टी आहेत.

वेळेची अडचण तुमची नाही, ती दिवाळी अंकांनी तुमच्यावर लादलेली आहे. उन्हाळ्यात फोन येतो, पावसाळ्यात कथा द्यायची असते, शब्दमर्यादा ठरलेली असते, आणि छापून आल्यावर बहुतेक ठिकाणी मानधन म्हणून अंकाची एक प्रत मिळते; तीही कधी मागून घ्यावी लागते. नोकरी आणि संसार असलेला माणूस या वेळापत्रकात सापडला की जून ते ऑगस्ट त्याचे वाचन बंद पडते आणि उरलेल्या वर्षात तो पुढच्या कथेसाठी वाचतो. त्यात संग्रहाचा मोह पडला तर बघायलाच नको. नवोदिताच्या कथासंग्रहासाठी बहुतेक वेळा लेखकालाच पैसे घालावे लागतात किंवा ठरावीक प्रती विकत घ्याव्या लागतात, आणि मग त्या प्रती पाहुण्यारावळ्यांना वाटण्यात वर्ष जाते. महाविद्यालयीन प्राध्यापकांना एपीआयचे, म्हणजे बढतीसाठी मोजल्या जाणाऱ्या शैक्षणिक कामगिरीचे, गुण मिळवायचे होते म्हणून त्यांनी पुस्तके काढली, ते समजू शकते. तुम्हाला कोणते गुण मिळवायचे आहेत? तुमच्या कथा चांगल्या असतील तर त्या चार वर्षे वहीत राहिल्याने नासणार नाहीत.

नोकरी करणाऱ्याने लिहू नये असे मी म्हणत नाही. परभणीचे बी. रघुनाथ निजामाच्या बांधकाम खात्यात कारकुनी करत कविता, कथा आणि कादंबऱ्या लिहीत होते, आणि 1953 साली चाळिशीतच गेले तरी मागे बरेच लेखन ठेवून गेले. परंतु त्यांच्यामागे व्हॉट्सअॅपवर रोज नवे काही टाकण्याचा तगादा नव्हता.

आता डोळ्यांच्या सवयीबद्दल. ती जात नाही, हे आधीच सांगून टाकतो. माळेगावच्या यात्रेत जनावरांचा व्यवहार करणारा माणूस देखणा बैल दिसला तरी आधी त्याचे दात पाहतो, तसे आपले होते. मात्र ही सवय केव्हा वापरायची हे आपल्या हाती असते. मी पहिले वाचन पेन्सिलीशिवाय आणि वहीशिवाय करतो, मध्ये कितीही काही आवडले तरी थांबत नाही. पुस्तक संपल्यावर एखादा प्रसंग आठवडाभर डोक्यात राहिला तर मी परत जाऊन तो कसा बांधला आहे ते पाहतो. नाही राहिला तर त्यातून शिकण्यासारखे काही नव्हते असे समजतो. तुम्ही दळणाच्या डब्याशी थांबलात तेथे पुढे गेला असतात, तर आईही भेटली असती आणि डबाही विसरला नसता.

आणखी एक गोष्ट अशी की स्वतःची कथा चालू असताना मी दुसऱ्याची कथा-कादंबरी वाचत नाही. जिल्हा गॅझेटियर, न्यायालयाचे निकाल, पीकपाहणीचे अहवाल, जुन्या पाककृती, असे काहीही वाचतो, कारण दुसऱ्याचा आवाज फार लवकर कानात बसतो. नव्या लेखकांच्या कथा मला वाचायला मिळतात त्यांत हे हमखास दिसते. पात्र सेलू-मानवतकडची म्हातारी असते, शेतात राबलेली असते, घरात ‘मपलं’, ‘तुपलं’ म्हणत असते, आणि कथेत आली की ‘अगं, मला किनई फार वाईट वाटलं’ असे बोलू लागते. लेखिकेने ज्यांची पुस्तके प्रेमाने वाचली त्यांचे घर त्या म्हातारीच्या तोंडात येऊन बसलेले असते. ही वाचनाची शिक्षा आहे, आणि ती जास्त वाचणाऱ्यालाच जास्त भोगावी लागते. म्हणून लिहिण्याचे दिवस आणि वाचण्याचे दिवस मी सरळ वेगळे ठेवले आहेत. वर्षातून एखाद-दुसरी कथा होते. मला तेवढी पुरते.

उत्तर : केवळ वाचक, अंबाजोगाई

येथे सगळे लेखनाच्या बाजूनेच बोलत आहेत, म्हणून मी दुसरी बाजू मांडतो. मी बँकेत नोकरी केली, निवृत्त झालो, आयुष्यभर वाचले आणि एक ओळही लिहिली नाही. ‘इतके वाचता तर लिहीत का नाही?’ हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे की आता त्यात अपमान दडलेला आहे हे मी उघड सांगतो. गाणे ऐकणाऱ्याला कोणी ‘मग तुम्ही गात का नाही?’ असे विचारत नाही. वाचणाऱ्याला मात्र अर्धवट लेखक समजले जाते.

आमच्या गावचे सोळाव्या शतकातले संतकवी दासोपंत घ्या. त्यांचा ‘गीतार्णव’ सव्वा लाख ओव्यांचा असल्याचे परंपरा सांगते, शिवाय कापडाच्या लांबलचक पासोडीवर लिहिलेला त्यांचा ग्रंथ तर आमच्या गावाचे भूषण आहे. बाहेरगावचा पाहुणा आला की आम्ही त्याच्यापुढे पासोडीची गोष्ट अभिमानाने सांगतो. परंतु तो सव्वा लाख ओव्यांचा ग्रंथ सलग वाचलेला माणूस मला गावात अजून भेटलेला नाही. लिहिणारा एवढे लिहून गेला आणि वाचणारे कमी पडले, हे दुःख मराठीत नवे नाही. आज तर प्रत्येक तालुक्याला साहित्य संमेलन होते, कविसंमेलनाला व्यासपीठावर जितके लोक असतात तितकेच समोर असतात, आणि समोरचेही आपली पाळी येण्याची वाट पाहत बसलेले असतात.

त्याच काळात पैठणला एकनाथ महाराजांनी जे केले ते मला अधिक मोलाचे वाटते. स्वतः एवढे मोठे ग्रंथकार असताना त्यांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती मिळवल्या, नकलाकारांच्या हातून शिरलेले अपपाठ काढले आणि शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, शुद्ध प्रत सिद्ध केली. शेवटी त्यांनी बजावून ठेवले (नरोटी म्हणजे करवंटी) :

ज्ञानेश्वरीपाठीं । जो ओवी करील मऱ्हाटी ।
तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली ॥

हे काम लेखकाचे कमी आणि वाचकाचे जास्त आहे. तीन शतकांपूर्वीचा मजकूर ओळीओळीने वाचायचा, यातले मूळचे कोणते आणि मागून घुसडलेले कोणते ते ओळखायचे, आणि आपली ओवी घालण्याची ताकद असताना ती घालायची नाही. याला वाचनाची पराकाष्ठा म्हणतात. ग्रंथपाल साहेबांनी कुरुंदकरांचे उदाहरण दिले ते मला मान्य आहे, पण त्यातही शेवटी वाचकाने लिहिले म्हणूनच त्याचे कौतुक झाले. जो वाचून गप्प राहिला त्याचे नाव कोणाला आठवणार?

ताई, तुम्ही सरळ विचारले आहे म्हणून सरळ सांगतो. वर्षभर लेखन बंद ठेवा आणि कोणाला सांगू नका. लेखनाची आठवण आली नाही तर ती कामगिरी दुसऱ्यांनी तुमच्यावर सोपवलेली होती असे समजा. लातूरकरांचे पेन्सिलीविना पहिले वाचन मला पटते, पण त्यांच्या बोलण्यात वाचन हे शेवटी लेखनाचे कोठार होऊन बसते, ते पटत नाही. एखादे पुस्तक आठवड्याने आठवले नाही म्हणजे त्यात काही नव्हते, हे कसे? मी पन्नास वर्षांत वाचलेल्यातले बहुतेक विसरलो आहे आणि ते वाचताना झालेल्या सुखाला त्यामुळे काही बाधा आलेली नाही.

उत्तर : कथालेखक, लातूर

शेवटचा मुद्दा मान्य करतो. परंतु गाण्याचा दाखला मला मान्य नाही. गाणारा आणि ऐकणारा यांत रियाजाचे अंतर असते. लिहिणारा आणि वाचणारा एकाच शाळेत अक्षरे गिरवून आलेले असतात, म्हणून लोकांच्या मनात तो प्रश्न येतो. त्यात दरवेळी अपमानच असतो असे नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर : शिक्षिका, जिंतूर

सर्वांचे आभार. अंबाजोगाईच्या काकांनी जे सांगितले त्यावर मी बराच विचार केला, कारण लेखिका म्हणवून घेणे मला आवडते की लिहिणे, हे मी स्वतःला कधी विचारले नव्हते.

उत्तर दोन्हींचे मिश्रण आहे, परंतु एक कथा अशी आहे की ती कोणी सांगितली नसती तरी मी लिहिली असती. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास आमच्या भागातील काही कुटुंबे ऊसतोडीला जातात. आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात मागे राहिलेली मुले शाळेत येतात, बाकीची आईबापांबरोबर फडावर जातात आणि हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे महिनोन्महिने एकच खूण होत राहते. एका मुलीने जाताना तिची अर्धी भरलेली शुद्धलेखनाची वही माझ्या टेबलाच्या खणात आणून ठेवली होती आणि ‘बाई, दुसऱ्या कुणाला देऊ नका’ असे सांगितले होते. ऊसतोडीवर मी पुष्कळ वाचले आहे. त्यात कोयता आहे, मुकादम आहे, उचल आहे, बैलगाडी आहे. हजेरीपट भरणाऱ्या बाईच्या खुर्चीवरून ते कसे दिसते हे मात्र मला कुठे वाचायला मिळाले नाही, म्हणून मी ती कथा लिहिली. ती कुठल्याच अंकाने मागितलेली नव्हती आणि अजून कुठे छापलेलीही नाही. बाकीच्या कथा मात्र फोन आला म्हणून लिहिल्या, हे आता स्पष्ट दिसते.

त्यामुळे लेखन सोडायचे नाही, पण यंदा दिवाळी अंकांना नकार द्यायचा, असे ठरवले आहे. पहिले वाचन पेन्सिलीशिवाय करण्याचा प्रयत्न सुरू केला आहे. हात अजून वहीकडे जातो. ग्रंथपाल सरांनी सांगितलेले पत्रासारखे लेखन मला सर्वांत आवडले, मात्र ते छापण्यासाठी न लिहिता ज्या मैत्रिणीशी पुस्तकांची देवाणघेवाण चालते तिलाच पाठवीन. संग्रहाचा विषय निघाला की आता लातूरच्या सरांचे गुणांबद्दलचे वाक्य ऐकवणार आहे.

एक विचारायचे राहिले. मला पुन्हा जुने दिवाळी अंक वाचायचे आहेत, विशेषतः साठ आणि सत्तरच्या दशकांतले, आणि या वेळी केवळ मौज म्हणून. परभणी किंवा नांदेडकडे त्यांचे बांधीव संच कुठे पाहायला मिळतील का?

उत्तर : निवृत्त ग्रंथपाल, नांदेड

जिल्ह्याच्या ठिकाणच्या जुन्या, ‘अ’ वर्गाच्या ग्रंथालयांत आणि जुन्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत असे संच असण्याची शक्यता अधिक असते. ते बहुधा संदर्भ विभागात ठेवलेले असतात, त्यामुळे घरी मिळत नाहीत आणि तेथेच बसून वाचावे लागतात. आधी फोन करून वर्षे सांगावीत, म्हणजे कर्मचारी गठ्ठे काढून ठेवतात. त्या काळच्या अंकांचा कागद आता ठिसूळ झालेला असतो, पाने कोपऱ्यातून न उलटता मधून उचलावीत. शनिवारची शाळा सकाळची असेल तर दुपार मोकळी मिळेल, परंतु ग्रंथालयाची साप्ताहिक सुट्टी आणि दुपारी बंद राहण्याची वेळ विचारून मगच जिंतूरहून निघावे.